स्वाध्याय की सुलेखन?

कार्तिक लागला की गोंदिया शहराला खेटून असलेल्या फुलचूरच्या शिवारात धानाच्या कापणीची लगबग असते. नेमक्या त्याच सुमारास गावातील महाविद्यालयीन मुलामुलींच्या घरी दुसरा एक हंगाम ऐन भरात येतो. त्याचे नाव ‘सबमिशन’. हिवाळी परीक्षा तोंडावर आलेली असते आणि त्यापूर्वी प्रत्येक विषयाचे जर्नल पूर्ण करून, त्यावर प्राध्यापकांची व विभागप्रमुखांची स्वाक्षरी घेऊन ते सादर करावयाचे असते. घरातील थोरली माणसे बांधावर, तर धाकटी माणसे रात्रीचा दिवस करून लिहिण्यात गर्क, असे चित्र गावोगाव दिसते. आईबापांना त्या जागरणाचे कौतुक वाटते. पोरगा रात्री दोन वाजेपर्यंत ‘कम्प्युटरचा अभ्यास’ करीत होता, असे बाप चार माणसांत अभिमानाने सांगतो. त्या बापाच्या अभिमानाविषयी पूर्ण आदर बाळगून एक प्रश्न विचारावासा वाटतो : त्या रात्री घरात संगणक चालू होता काय?

बहुतेक ठिकाणी तो नसतो. संगणकशास्त्राचे जर्नल ज्यांनी पाहिलेले नाही, अशा वाचकांसाठी त्याचे थोडे वर्णन करणे आवश्यक आहे. एका बाजूस रेघा व दुसरी बाजू कोरी, अशी जाड पानांची ती वही किंवा फाइल असते. आरंभी प्रमाणपत्राचे पान, मग अनुक्रमणिका. पुढे प्रत्येक प्रयोगासाठी उद्दिष्ट, सिद्धांत, क्रमविधी आणि त्यानंतर प्रत्यक्ष प्रोग्राम. हे सारे निळ्या शाईने, खाडाखोड न करता. समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेला प्रवाहतक्ता आणि त्याखाली ‘आउटपुट’. हा आउटपुटचा प्रकार मोठा विलक्षण आहे. संगणकाने प्रोग्राम चालविल्यानंतर पडद्यावर जे उत्तर उमटावयास हवे, ते विद्यार्थी स्वतःच पेन्सिलीने रेखाटतो. कित्येकदा पडद्याची चौकटसुद्धा पट्टीने आखतो. यंत्राने द्यावयाचे उत्तर यंत्राला न विचारताच लिहून टाकावयाचे आणि त्यावर ‘तपासले’ अशी स्वाक्षरी मिळवावयाची! कलाशाखेत पदवी घेतलेल्या माझ्यासारख्या माणसालाही यातील विसंगती ध्यानात येते.

कलाशाखेचा उल्लेख आलाच आहे, तर एक भेद येथेच नोंदवावा. आमच्या पिढीने इतिहासाची वा मराठीची उत्तरे ‘अपेक्षित प्रश्नसंच’ वाचून लिहिली, हे जगजाहीर आहे. पाठ केलेल्या उत्तरातूनही चार ओळी डोक्यात राहतात. प्रोग्रामचे तसे नाही. प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेली सूचना. ती बरोबर असते किंवा चूक असते. एक अर्धविराम गळला तरी यंत्र अडून बसते. मग विद्यार्थ्याने आपलीच सूचना पुन्हा वाचावी, कोणत्या ओळीत आपल्या मनातील अर्थ आणि कागदावरील शब्द यांची फारकत झाली ते शोधावे, दुरुस्त करावे, पुन्हा चालवून पाहावे. या शोधण्यात तास दोन तास जातात, कधी संबंध संध्याकाळ जाते. या विषयातील खरे शिक्षण त्या संध्याकाळी होते. वर्गातील व्याख्यान ही केवळ त्याची प्रस्तावना होय. दुसऱ्याचा चाललेला प्रोग्राम उतरवून घेणाऱ्याला ही संध्याकाळ कधी भेटतच नाही.

आणि उतरवण्याची ही परंपरा किती शिस्तबद्ध! थोरल्या वर्गातील ताईचे जर्नल धाकट्या वर्गातील भावाकडे, त्याचे पुढे आणखी कोणाकडे, अशी ती हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे विद्वान दोन पोथ्यांतील समान चुकांवरून त्यांचे कूळ ठरवितात. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती लेखकांच्या हस्तदोषांमुळे पाठ बिघडले होते म्हणूनच. आमच्या जर्नलांचीही अशीच कुळे लावता येतील. एकाने गाळलेला कंस पुढील पाच वर्षे साऱ्यांच्या जर्नलात गळलेला असतो आणि तरीही सर्वांचे ‘आउटपुट’ अचूक येते. उणीव आहे ती शोधन करणाऱ्या एकनाथांची.

ही पद्धत मुळात मूर्खपणातून जन्मास आली असे मात्र कोणी समजू नये. ज्या काळात प्रयोगशाळेत मोजके संगणक असत आणि एकेका यंत्राभोवती चार-पाच विद्यार्थी दाटीवाटीने उभे राहात, तेव्हा आधी कागदावर नीट विचार करून ये, मग यंत्राला हात लाव, हे सांगणे शहाणपणाचेच होते. विदर्भातील भारनियमनाचे दिवस ज्यांनी सोसले आहेत त्यांना हे अधिक पटेल. वीज कधी जाईल याचा नेम नसताना वहीच विश्वासाची. आजही जगातील उत्तम शिक्षक विद्यार्थ्याला आधी कागदावर क्रमविधी मांडावयास सांगतात. परंतु कागदावर विचार करणे निराळे आणि कागदावर नक्कल करणे निराळे. कारण संपले, कर्मकांड मागे राहिले. वहीतील अक्षर सुबक असावे यासाठी आग्रह धरणारी व्यवस्था वहीतील विचार कोणाचा आहे हे विचारीनाशी झाली.

कर्मकांडाचे आणखी एक उदाहरण देतो. बोरलँड कंपनीने ‘टर्बो सी’ हे साधन १९८७ साली बाजारात आणले. डॉसच्या जमान्यातील ते निळ्या पडद्याचे साधन तेव्हा खरोखर उपयुक्त होते. त्यानंतर १९८९ मध्ये सी भाषेचे प्रमाणीकरण झाले, १९९८ मध्ये सी प्लस प्लसचे झाले. भाषेचे नियम बदलले, जुन्या शीर्षओळी बाद झाल्या. आपल्याकडील कित्येक प्रयोगशाळांत मात्र तो निळा पडदा पुढेही वर्षानुवर्षे टिकून राहिला. नव्या यंत्रावर जुन्या यंत्राचे सोंग उभे करून तो चालविला गेला. अशा प्रयोगशाळेतून निघालेला मुलगा गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जातो, एखाद्या कंपनीच्या चाचणीस बसतो, तीन वर्षे हातांनी गिरविलेल्या त्याच ओळी टंकित करतो आणि पडद्यावर चुकांची रांग उभी राहते. त्याला वाटते, आपण खेड्यातले म्हणून कमी पडलो. वास्तविक त्याला जे दिले तेच शिळे होते. अलीकडे पायथन ही भाषा अभ्यासक्रमांत आली आहे. या भाषेत ओळ किती जागा सोडून सुरू होते यावर तिचा अर्थ ठरतो. ती रेघांच्या वहीवर निळ्या शाईने उतरविताना त्या जागेचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि या जुन्या दुखण्याला नवे वळण लागले. प्रश्न टाकला की काही क्षणांत तयार, चालणारा, टीपांसह नटलेला प्रोग्राम समोर येतो. त्यासाठी संगणकही लागत नाही. हातातील मोबाइल पुरतो. फुलचूरमधील एका परिचित घरी मी हे स्वतः पाहिले. मुलाने मोबाइल उभा करून ठेवला होता आणि त्यावरचा प्रोग्राम तो सावकाश, वळणदार अक्षरात जर्नलमध्ये उतरवीत होता. मी विचारले, “अरे, हे चालवून पाहिलेस का?” तो शांतपणे म्हणाला, “काका, चालवायला कोण सांगते? पेनाने लिहायला सांगतात.” त्या मुलात लबाडीचा लवलेश नव्हता. जे मागितले ते तो देत होता. यंत्राने विचार करावा आणि माणसाने त्याची बसून नक्कल करावी, एवढी उलटी विभागणी आपण निर्माण केली आहे आणि तिला गुण देत आहोत.

यावर कोणी म्हणेल, पकडा आणि शिक्षा करा. पाश्चात्त्य विद्यापीठांनी हा मार्ग फार पूर्वी चोखाळला. अमेरिकेतील प्राध्यापक अलेक्स आयकेन यांनी १९९४ साली ‘मॉस’ नावाची यंत्रणा तयार केली. चलांची नावे बदलली, ओळी पुढेमागे केल्या, तरी दोन प्रोग्रामांच्या रचनेतील साम्य ती दाखवून देते आणि शिक्षकांना ती विनामूल्य उपलब्ध आहे. परंतु अशा यंत्रणेला टंकित केलेला प्रोग्राम लागतो. निळ्या शाईतील जर्नल ती वाचणार कशी? शिवाय कृत्रिम बुद्धिमत्ता प्रत्येकाला थोडा निराळा प्रोग्राम लिहून देते, त्यामुळे साम्य शोधण्याचा हा मार्गही आता अपुरा पडू लागला आहे. पोलिसी उपायाने शिक्षणाचा प्रश्न सुटत नाही, तो थोडा पुढे ढकलला जातो इतकेच.

मग हे जर्नल नीट वाचले का जात नाही? येथे शिक्षकांवर तोंडसुख घेणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. आपल्या राज्यात पारंपरिक महाविद्यालयांतून चालणारे संगणकाचे अभ्यासक्रम, म्हणजे बी.सी.ए. किंवा नागपूर विद्यापीठाच्या परिसरात परिचित असलेला बी.सी.सी.ए., हे प्रायः कायम विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. पगार शासनाचा नाही, तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघावयाचा. परिणामी पुष्कळ ठिकाणी शिकविणारा तरुण तासिका तत्त्वावर असतो. तो वर्गात उभा राहिला तर तासाचे मानधन. घरी बसून साठ विद्यार्थ्यांचे प्रोग्राम वाचले तर त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. दहा प्रयोग आणि साठ विद्यार्थी म्हणजे सहाशे प्रोग्राम. हे एका विषयाचे झाले. अशा माणसाने अनुक्रमणिका पाहून स्वाक्षरी केली, तर दोष एकट्या त्याचा म्हणता येत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला. शके ११२८ च्या त्या लेखात मठासाठी दिलेल्या देणग्यांची नोंद आहे आणि लेखाच्या मराठी भागात पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा वाटा मठास लावून दिल्याचे म्हटले आहे. गणित शिकविणाऱ्याच्या योगक्षेमाची तरतूद त्या काळच्या बाजारपेठेने केली होती. धानाच्या व तांदळाच्या व्यापारावर उभ्या असलेल्या आजच्या गोंदियाच्या बाजारपेठेला हे अशक्य आहे, असे मला वाटत नाही.

भास्कराचार्यांकडून घेण्यासारखे आणखीही काही आहे आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे. ११५० साली सिद्ध झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील ‘लीलावती’ हा भाग उदाहरणांनी भरलेला आहे. त्यात भुंगे आहेत, हंस आहेत, सरोवरातील कमळ आहे, सोन्याचा कस लावणारा व्यापारी आहे. विद्यार्थ्याने जे जग डोळ्यांनी पाहिले, त्याच जगातून प्रश्न उचलला आहे. आजच्या आपल्या जर्नलातील प्रश्न कोणते? दोन संख्यांची अदलाबदल करा, मूळसंख्या ओळखा, फिबोनाची श्रेणी छापा. अंतिम वर्षाचा प्रकल्प घ्या, तर ग्रंथालय व्यवस्थापन किंवा रुग्णालय व्यवस्थापन. वर्षानुवर्षे तेच आणि गावोगाव तेच. म्हणूनच त्यांची उत्तरेही तयार मिळतात. प्रश्नच उष्टा असेल तर उत्तर ताजे कोठून येणार?

आता फुलचूरच्या मुलाला पुढील प्रश्न देऊन पाहा. धान खरेदी केंद्रावर शेतकऱ्याचा माल येतो. त्यात आर्द्रता १७ टक्क्यांपर्यंत चालते. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली आहे. पुढे हा धान गिरणीत जातो आणि एका क्विंटलमागे ६७ किलो कच्चा तांदूळ गिरणीमालकाने परत द्यावयाचा असतो. दिवसभरात आलेल्या मालाच्या नोंदी घे, कोणता माल परत जाईल ते सांग, प्रत्येक शेतकऱ्याचे देणे काढ आणि गिरणीकडून येणे असलेला तांदूळ सांग. एवढाच प्रश्न. पण तो सोडविताना किती गोष्टी उद्भवतात! सातबारावर दोन भावांची नावे असतील तर? एकच शेतकरी दोनदा आला तर? आर्द्रता नेमकी १७ असेल तर माल घ्यावयाचा की परत पाठवावयाचा? वजन चुकून ऋण टंकित झाले तर? या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकात नाहीत आणि ती विचारावयास मुलाला बापाजवळ जाऊन बसावे लागेल. जो बाप आजवर पोराच्या अभ्यासाकडे दुरून कौतुकाने पाहात होता, तो त्या अभ्यासातील जाणकार ठरेल. मोबाइलमधील बुद्धिमत्तेला गावच्या केंद्रावरील रांगेत काय घडते ते ठाऊक नाही. ते आधी मुलालाच तिला समजावून सांगावे लागेल आणि समजावून सांगण्यासाठी स्वतः समजून घ्यावे लागेल.

या जिल्ह्यात अशा प्रश्नांना तोटा नाही. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण सारे लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतो, त्यांच्या पाणीवाटपाचा हिशेब आहे. दरवर्षी होणारी सारस पक्ष्यांची गणना आहे. एकच जोडी दोन तलावांवर दोनदा मोजली गेली नाही ना, हे नोंदींच्या वेळांवरून तपासणे हा उत्तम प्रोग्रामचा विषय होय. गोंदियाच्या जंक्शनवरील गाड्यांचे वेळापत्रक आहे.

भाषेचा मुद्दा येथे टाळता येत नाही. बारावीपर्यंत मराठीतून वा हिंदीतून शिकलेला, घरी पोवारी किंवा झाडीबोली बोलणारा विद्यार्थी इंग्रजी प्रश्न वाचतो तेव्हा काय विचारले आहे हेच त्याला पुरते उमगत नाही आणि न उमगलेल्या प्रश्नाचे उत्तर उतरविण्यावाचून गत्यंतर नसते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणाला वाट करून दिली आणि पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्याच वर्षी संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू केला. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण संबंध पदवी मराठीत होण्याची वाट न पाहताही प्रश्नाचे विवेचन मराठीत करणे, क्रमविधी मराठीत लिहू देणे, तोंडी परीक्षेत मराठीत बोलू देणे आजच शक्य आहे. प्रोग्रामचे सांकेतिक शब्द इंग्रजीच राहतील, राहू द्यावेत. त्यामागील विचार मातृभाषेत झाला म्हणून यंत्र रुसत नाही.

आपल्याकडे या विषयात एक सोयीचा अभिमान मिरविला जातो. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे असे ‘नासा’ने जाहीर केले, हे वाक्य आपल्या बैठकांतूनही ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की, नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांचा १९८५ साली ‘एआय मॅगझिन’मध्ये एक लेख आला, त्यात संस्कृत शास्त्रकारांची वाक्यविश्लेषणाची पद्धत आणि यंत्राला ज्ञान समजावून देण्याची पद्धत यांतील साम्य दाखविले होते. तो एका अभ्यासकाचा लेख होता, संस्थेचा निर्णय नव्हता. पाणिनीच्या सूत्ररचनेचे संगणकभाषांच्या व्याकरणाशी असलेले नातेही १९६७ मध्ये इंगरमन यांनी नोंदविले आहे. हा खरा वारसा पुरेसा मोठा आहे; त्याला फुगविण्याची गरज नाही. मात्र ज्या परंपरेत अल्पाक्षरी, असंदिग्ध, तपासून घेतलेले सूत्र ही विद्वत्तेची कसोटी होती, तिच्या वारसांनी न चालविलेला प्रोग्राम शाईने गिरवावा, हे कसे काय शोभते? गुरुगृहातून निरोप घेणाऱ्या शिष्याला तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य ज्या गोष्टींत हयगय करू नको म्हणून बजावतात, त्यांत स्वाध्याय आहे. ‘असाइनमेंट’ला आपण मराठीत स्वाध्याय म्हणतो. त्यातला ‘स्व’च आज गळून गेला आहे.

चांगले काही घडतच नाही, असे नाही. मुंबई आयआयटीतील प्रा. अभिराम रानडे यांनी प्रोग्रामिंगच्या आरंभिक शिक्षणासाठी ‘सिंपलसीपीपी’ नावाचे साधन घडविले आणि त्यावर आधारित पाठ्यपुस्तकही लिहिले. त्यात विद्यार्थी पहिल्याच पाठात पडद्यावरील कासवाला आज्ञा देऊन आकृती काढून घेतो. या कासवाचे मूळ १९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी तयार झालेल्या ‘लोगो’ या भाषेच्या परंपरेत आहे. चौकोन चुकला तर तो डोळ्यांना चुकलेला दिसतो. कोणी सांगावे लागत नाही. त्याच संस्थेतील प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मराठी ध्वनीतही छोटे पाठ आहेत. हे साधन व हे पाठ विनामूल्य, कोणालाही खुले आहेत. साधने आहेत, ती जर्नलच्या प्रमाणपत्रापर्यंत पोहोचलेली नाहीत.

मग फुलचूरसारख्या गावात बसून काय करता येईल? तोंडी परीक्षा हा सर्वांत जुना आणि आजही न हरलेला उपाय. दहापैकी कोणताही एक प्रोग्राम निवडावा, विद्यार्थ्याला यंत्रासमोर बसवावे आणि त्यातील एक गोष्ट बदलावयास सांगावी. चढत्या क्रमाऐवजी उतरता क्रम लाव, पाचाऐवजी सात संख्या घे. पाच मिनिटांत कळते. साठ विद्यार्थ्यांचे मिळून पाच तास होतात आणि ते तास मानधनाच्या हिशेबात धरले पाहिजेत, हा आग्रह संस्थाचालकांकडे धरावा लागेल. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली का, या प्रश्नाचे महत्त्वच त्यामुळे उरत नाही. घेतली असेल आणि समजली असेल तर उत्तमच. दुसरी विनंती आपल्या वाचकांतील त्या शेकडो तरुणांना, जे भंडारा-गोंदियातून निघून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत स्थिरावले आहेत. सणाला गावी आल्यावर सत्काराचा नारळ घेण्यापेक्षा आठवड्यातून एक तास आपल्या तालुक्यातील पाच मुलांचे प्रोग्राम दुरून वाचून द्या. ओळीवर बोट ठेवून ‘हे असे का लिहिलेस?’ असे विचारणारा माणूस त्यांना आजवर भेटलेला नाही.

आईवडिलांनाही संगणक येण्याची गरज नाही. जर्नल पूर्ण झाले असे मुलगी म्हणाली, की तिला इतकेच सांगावे, ‘यातला एक मला चालवून दाखव आणि तो काय करतो ते आपल्या बोलीत सांग.’ घरी संगणक नसेल तर मोबाइलवरही लहान प्रोग्राम चालतो. सांगता आले तर जागरण सार्थकी लागले.

विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांकडे मागणे मात्र एकच आहे आणि त्यासाठी निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. संगणकाच्या कोणत्याही विषयाच्या जर्नलात हाताने काढलेले ‘आउटपुट’ स्वीकारले जाणार नाही, प्रत्यक्ष चालविलेल्या प्रोग्रामचे छापील वा साठविलेले फलितच ग्राह्य धरले जाईल, एवढा एका ओळीचा ठराव येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर यावा.